टाळूतला देव

"इलो! देव इलो!"

बाबली गावड्याच्या काजूच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे शेतघरात, शंभरेक माणसं कोंबली होती. सगळी डोळे फाडून बघत होती एका दीड महिन्याच्या पोराच्या डोक्याकडे. पोर पाटावर उताणं पडून टाहो फोडत होतं. त्याची टाळू फुगून वर आली होती, आणि चंदनबुवा एक हात पोराच्या दुपट्याखाली ठेवून दुसऱ्याने तिच्यावर तेलाची धार धरून बसला होता.

बाळाची टाळू तेलाने भरायची आपली जुनीच रीत. खोलगट टाळू वर यावी म्हणून आज्या रोज तेल थापतात. बुवाने नेमकं हेच हेरलं होतं.

"टाळू हे देवाचं दार!" तो गर्जत होता. "देव आत शिरला की ती वर येते, प्रसन्न होऊन गेला की खाली बसते. विज्ञानाला हे कळायला सात जन्म लागतील!"

याला स्वतःला सातवी पास व्हायला तीन वर्षं लागली, असं त्याच्याच गावचे लोक सांगतात.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आरोग्यसेविका सुशीला सिस्टर सकाळीच माझ्याकडे आली होती. "सर, बाबली-शेवंतीच्या मिहीराक तीन दिस ताप आसा. दूध वडणा नाय. माका आत सोडनत नाय, तुमी चला."

आम्ही गर्दीतून पुढे घुसलो. पोराचं रडणं चिरकं होतं, मान मागे ताणलेली. तेवढ्यात त्याचा डावा हात झटके देऊ लागला.

"देव नाचता!" कोणीतरी हात जोडले.

"आकडी ती!" सुशीला ओरडली आणि पाटाकडे धावली.

"हाणा तिला! देवाच्या कामात आडवी येते!" बुवाने फर्मावलं. त्याचा चेला महादू याने तिचे केस धरले. मी मधे पडलो तर त्याची काठी माझ्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. आणि बाबलीने, पोराच्या बापाने, सुशीलाच्या तोंडात अशी लगावली की तिचा ओठ फाटला.

ती हलली नाही. रक्त थुंकून म्हणाली, "मार. पण एकदा माजा बघ, मगे माका हंयच पुरून टाक."

तिने गर्दीतल्या समीक्षाकडून तिची चार महिन्यांची रिया मागून घेतली आणि उघड्या पाटावर निजवली. गार लाकूड लागताच रिया भोकाड पसरून रडू लागली. टाळू वर आली.

"इलो देव?" सुशीलाने विचारलं.

दोघी-तिघींनी कपाळ टेकलं. सुशीलाने रियाला खांद्यावर उभं घेऊन थोपटलं. पोर गप्प झालं, टाळू खाली बसली.

"गेलो. तेल खंय लागला माका? उताणा निजवून रडवला की कुठच्याय पोराची टाळू वर येता. उभा धरून गप केला की बसता."

"पण बुवा पोरांक रडयता कसो?" समीक्षाने विचारलं.

सुशीलाने मिहीरचं दुपटं बाजूला केलं. दोन्ही मांड्यांवर काळेनिळे डाग होते. एका ठिकाणी नखाने रक्त काढलेलं. बुवाचा हात इतका वेळ दुपट्याखाली का होता, ते सगळ्यांना एकदम कळलं.

एव्हाना आकडी थांबून मिहीर मलूल, गप्प पडला होता. तिने त्याला उभं धरलं. टाळू तशीच राहिली, टणक. "ह्येची बसणा नाय. ह्यो देव नाय गो शेवंती. मेंदूच्या पडद्याक सूज इली हा. आता उशीर करू नको."

शेवंतीने तेलाचा तांब्या उचलला आणि बुवाच्या थोबाडावर घातला. "शिरा पडो मेल्या तुज्या तोंडार! माज्या झिलाक चिमटे काढलंस?" तिने दुसरा घातला, तिसरा घातला. बुवाचे दात पाटावर पडले. मघाशी जोडलेले हात त्याच्यावर तुटून पडले. "पोलिसांकडे द्या!" असं मी ओरडलो खरा, पण माझाही आवाज फार मोठा नव्हता.

आम्ही मिहीरला ओरोसच्या सरकारी दवाखान्यात नेलं. माझा मोडलेला खांदाही तिथेच बांधला. डॉक्टर नीरजाने मणक्यातून पाणी काढलं. ते नितळ असायला हवं, आलं तांदळाच्या धुवणासारखं. रिपोर्टची वाट न बघता तिने शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं.

"जंतूंनी झालेला मेंदूज्वर आहे. एकवीस दिवस औषध पूर्ण करायचं."

पाचव्या दिवशी ताप उतरला आणि बाबली घरी न्यायला निघाला. "ताप गेलाय, जंतू अजून आहेत," डॉक्टर म्हणाली. या वेळी तो ऐकून बसला.

मिहीर वाचला. सुट्टी द्यायच्या आधी कानांची तपासणी झाली. दोन्ही कान गेले होते.

"पयल्याच दिसाक हाडला असता तर?" शेवंतीने विचारलं.

"कदाचित वाचले असते," डॉक्टर हळूच म्हणाली.

बाबली स्वतःच्याच तोंडात मारत सुटला. त्याला धरायला दोन माणसं लागली.

मला त्याची दया आली आणि रागही आला. म्हणून सगळ्या आईबापांना हात जोडून सांगतो. तान्ह्याला ताप आला, त्याने दूध सोडलं, ते मलूल पडलं, तर टाळू फुगायची वाटसुद्धा बघू नका. बुवा शोधू नका, तेल शोधू नका, गाडी शोधा. त्याच दिवशी.

शेवंती आता मिहीरला हाक मारत नाही. त्याच्यासमोर जाऊन उभी राहते.