दहा बादल्या हिरवं पाणी

माझी बायको आणि तिची धाकटी बहीण शेजारी-शेजारी राहतात. मध्ये कमरेएवढी भिंत. गेली दोन वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. भांडतात मात्र नेमाने, माझ्यामार्फत.

"भाऊजी, ताईला सांगा, काल पुन्हा माझ्या स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी."

"अहो, तिला सांगा, पाणी आभाळातून पडतं. मी पाडत नाही."

भांडणाचं मूळ आमच्या अंगणातली फरशी. एकतीस वर्षं शाळेत शिकवून बायको निवृत्त झाली आणि तिने मातीचं अंगण पांढऱ्या फरशीने मढवलं. रोज सकाळी ती ते पुसते. माझा चष्मा इतक्या मायेने कधी पुसला गेला नाही. धाकटीचं घर हातभर खाली. फरशी बसली आणि तिचं स्वयंपाकघर दर पावसात तुंबू लागलं.

यंदा नगरपालिकेची इंजिनीअरबाई आली. गल्लीखालचा पाइप रुंद करायचा होता. शिवाय ज्या अंगणातलं पाणी दुसऱ्याच्या घरात उतरतं, तिथली फरशी उखडून खोलगट बाग करायची होती, म्हणजे पाणी जागच्या जागी मुरेल. कुणाचं पाणी कुठे जातं हे ती रंगाने तपासत होती. डबीभर हिरवा रंग आमच्या अंगणातल्या मोरीत टाकायचा, वरून दहा बादल्या ओतायच्या, आणि खाली कुठे हिरवं निघतं ते पाहायचं.

"ओता खुशाल," बायको म्हणाली. "सत्य बाहेर येऊ दे."

सत्याच्या दहाही बादल्या मीच वाहिल्या.

"मावशी, आलं का काही?" इंजिनीअरबाईने भिंतीवरून हाक मारली.

धाकटीचं आतूनच उत्तर आलं, "नाही हो. ठणठणीत कोरडं आहे."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतके दिवस आरोप मीच करत होतो. इंजिनीअरबाईने वहीत फुली मारली. "मग ही दोन्ही घरं यादीतून गेली," म्हणत ती पुढच्या दारी निघाली. तिला अजून एकवीस घरं करायची होती.

"जा, विचारा तिला," बायको मला म्हणाली, "आता काय म्हणणं आहे?"

मी गेलो. धाकटी स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून जमीन पुसत होती. कोपरापर्यंत हात हिरवे. कोपऱ्यातल्या जाळीतून अजून हिरवं पाणी वर येत होतं.

"भाऊजी, अवाक्षर काढाल तर याद राखा."

"अगं, पण यंदाही घर तुंबेल."

"तुंबू दे. पाणी काय, उतरतं. निवृत्त झाल्यावर ताई सहा महिने नुसती खिडकीशी बसून होती, आठवतं ना? फरशी आली तेव्हा उठली ती."

आठवत होतं. मी परतलो.

"काय म्हणाली?"

"काही नाही."

चाळीस वर्षांच्या संसारात मला एकही खोटं धड बोलता आलेलं नाही. त्या दिवशी तर बोलण्याचीही गरज नव्हती. बायको माझ्या मागे बघत होती. फाटकापासून दारापर्यंत, पांढऱ्या फरशीवर, माझ्या चपलांचे हिरवेगार ठसे.

फडकं आणायला ती वळली नाही. फाटकाशी जाऊन तिने गल्लीत आवाज दिला, एकतीस वर्षं वर्ग हाकणारा आवाज. "बाई! ती फुली खोडा. पाणी आमचंच आहे. फरशी कधी उखडताय ते सांगा."

मग ती फाटकाबाहेर पडली आणि शेजारच्या दारात शिरली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी भिंतीशी उभा राहिलो. खिडकी उघडीच होती.

धाकटी दचकून उठू लागली.

"बस खाली," बायको म्हणाली. "सरक जरा."

आणि दुखरा गुडघा हाताने धरत, कण्हत, ती तिच्याशेजारी ओल्या जमिनीवर बसली.

"ताई, साडी खराब होईल गं."

"होऊ दे. दुसरं फडकं कुठंय?"