शंभरपैकी एकोणतीस

आत्या वेताच्या टोपल्या विणायची. आई गेल्यावर चिमी तिच्याकडेच वाढली, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. एका कोपऱ्यात पसरट टाकीत वेत भिजत पडलेले असायचे आणि अनवाणी चाललं की सोलपटं पायांना टोचायची. पुढे चिमी संगणकाचं शिकली आणि पस्तिशीत संग्रहालयात नोकरीला लागली. तिथे हस्तकलांचं नवं दालन उभं राहत होतं. वस्तू कपाटात नुसत्या मांडून ठेवायच्या नाहीत, लोकांनी स्वतः करून बघायचं, असा संचालकांचा हट्ट होता. चिमीच्या डोळ्यांपुढे आले ते आत्याचेच हात.

तिने एक टेबल बनवलं. वर काच, खाली पडदा. पडद्यावर टोपलीचा सांगाडा आणि तो विणून दाखवणारे आत्याचे हात उमटायचे. आपण बोटाने वेत ओढायचा, एका काडीच्या पुढून, दुसरीच्या मागून. बरोबर गेलं की हिरवा दिवा, चुकलं की लाल. शेवटी शंभरपैकी गुण.

त्यासाठी आत्याला तीन दिवस कॅमेऱ्यांपुढे बसवलं होतं. दुसऱ्याच दिवशी चिमीने तिला थांबवलं.

"मध्येच दोन काड्या का सोडल्यास?"

"हा वेत जाड आहे ना गं. तसाच घेतला तर टोपलीला पोट सुटेल. वेत बघून हात चालवायचा."

"आत्या, मशीनला एवढं नाही कळत. तू आपली एक पुढून, एक मागून, एवढंच कर."

"बरं बाई," आत्या म्हणाली आणि शाळेतल्या पोरीसारखी निमूट विणत राहिली.

उद्घाटनाला आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली. टेबलाभोवती ही गर्दी! एका सात-आठ वर्षांच्या मुलीने नव्वद गुण मिळवले आणि टाळ्या पडल्या. मग संचालकांचं लक्ष आत्याकडे गेलं. "अरे, खऱ्या उस्ताद इथे उभ्या आहेत! या, या, तुम्हीही करून दाखवा."

आत्या लाजत पुढे झाली. बोटं काचेवर टेकली आणि तिला आयुष्यभर जसं विणता येत होतं तसंच ती विणू लागली. पडद्यावरच्या चित्रातही एक वेत जाड होता. तिने दोन काड्या सोडल्या. लाल. पुढे एक फेरा उलटा घेतला. लाल. तिने बोट दाबून धरलं, काचेवर ओलसर ठसा उमटला. पुन्हा लाल. शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: 'एकोणतीस. पुन्हा प्रयत्न करा.'

लोक हसले. त्यात वाईट असं काहीच नव्हतं, कुणी घसरून पडताना सावरला की हसतात तसं. संचालकही हसत म्हणाले, "बघा, किती अवघड कला आहे ही! कारागीरसुद्धा चुकतात."

चिमी टेबलाला टेकून उभी होती. 'चूक तिची नाही, माझी आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर पाहुणे होते, संचालकांचा हात तिच्या खांद्यावर होता आणि वर्षभराची मेहनत त्या काचेखाली उजळली होती. तीही हसली.

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग तीसुद्धा हसली आणि पदराने काच पुसून बाजूला झाली.

परतताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "ती पोरगी चुणचुणीत होती, नाही?"

पुढच्या रविवारी चिमी आत्याकडे गेली तर टाकी कोरडी. आत्या खिडकीपाशी नुसतीच बसलेली.

"काम नाही का गं आज?"

"हात चुकतो म्हणे माझा," आत्या थट्टेच्या सुरात म्हणाली.

चिमी तिच्याशेजारी टेकली. तिने सगळं सांगितलं. मशीनला अर्धवट शिकवलं होतं, ते तिने स्वतः शिकवलं होतं, खरी पद्धत आत्याचीच होती. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

"हे तिथे म्हणाली असतीस तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "जाऊ दे. चहा टाकते."

चिमी हट्टाला पेटली. गुण काढून टाकले, लाल दिवा काढला. मुलांना गुणच आवडतात म्हणून संचालक कुरकुरले, तरी ती बधली नाही. मग आत्याला पुन्हा कॅमेऱ्यांपुढे आणलं. "या वेळी तुला वाटेल तसं विण. मी मध्ये बोलणार नाही."

आत्याने वेत घेतला, जाड होता. ती दोन काड्या सोडायला गेली आणि हात अधांतरी थांबला. मान वर करून तिने समोरच्या पडद्याकडे पाहिलं.

"हिरवं झालं का गं?"

चिमीने पडदा बंद केला. आत्या तरीही दर फेऱ्याला त्या काळ्या काचेकडे बघत राहिली. संध्याकाळपर्यंत टोपली झाली, पण ती कुणाच्याही हातची वाटली असती. ते चित्रण चिमीने कधी वापरलंच नाही. दालनात आजही पहिल्या चित्रणातलेच हात दिसतात, एक पुढून, एक मागून. शाळांच्या सहली येतात आणि चिमीचं कौतुक होतं.

आत्या पुन्हा विणू लागली, हे खरं. महिन्या-दोन महिन्यांनी टाकीत पाणी आलं. आता ती जाड वेताला हातच लावत नाही, बाजूला काढून ठेवते. टोपल्या अगदी सारख्या होतात, साच्यातून काढल्यासारख्या. शेजारणी म्हणतात, पूर्वीपेक्षा सफाई आली हो हाताला.

परवा तिने एक चिमीपुढे ठेवली.

"बघ बरं, कुठे चुकलंय का?"

चिमीने टोपली उलटसुलट करून पाहिली. एक काडी, मग दुसरी, कुठेही खंड नाही.

"कुठेच नाही, आत्या," ती म्हणाली. आणि आत्याचा चेहरा खुलला.