संध्याकाळचे माप

मी एक जुना फर्मा आहे आणि मी रागावलेलो आहे. स्वतःची कहाणी सांगताना गोड बोलावे असा रिवाज असतो, पण मित्रांनो, आज मला ते जमणार नाही.

आधी फर्मा म्हणजे काय ते ऐका. कारागीर ज्या लाकडी पायावर चामडे ताणून बूट घडवतो, तो मी. मी डावा आहे. माझा जोडीदार उजवा, साधासुधा आठ नंबरचा. मी मात्र पाच नंबरचा, पाठीवर उंचवटा आलेला, बोटांकडे एका बाजूला कललेला. जन्मतः मी असा वेडावाकडा नव्हतो. मला एका माणसासाठी असे घडवले.

तो माणूस म्हणजे टपालवाले काका. लहानपणी हातगाडीचे चाक त्यांच्या डाव्या पायावरून गेले. पाय वाचला, पण त्याची वाढ खुंटली आणि बोटांतली जाणीव कायमची गेली. चिमटा काढला तरी त्यांना कळत नसे. बूट घ्यायचे तर ते दोन जोड घेत, एक पाच नंबरचा आणि एक आठ नंबरचा, आणि उरलेले दोन बूट पलंगाखाली ढकलून देत. एकदा सकाळी ते आमच्या बूट शिवणाऱ्या मास्तरांच्या दुकानात आले. दुकान कसले, एक लांबट खोली, खिडकीशी कामाचे टेबल, भिंतीवर फर्म्यांच्या फळ्या आणि सगळीकडे चामड्याचा वास. मास्तरांनी त्यांना आल्या पावली परत पाठवले.

"आत्ता नको. दिवसभर टपाल वाटा, पाय दमवा, मग संध्याकाळी या. सकाळचा पाय खोटं बोलतो."

दिवसभर चालून पाय थोडा फुगतो. म्हणून मास्तर माप घेत ते संध्याकाळीच, तेही गिऱ्हाइकाला उभे करून, अंगाचा सगळा भार पायावर आल्यावर. काका संध्याकाळी आले. मास्तरांनी कागदावर पाय आखला, चहूबाजूंनी फीत फिरवली. मग मला कानशीने घासले आणि जिथे लाकूड कमी पडले तिथे चामड्याचे तुकडे ठोकले. आठ दिवस माझी पाठ सोडली नाही. काकांनी नवे बूट घालून खोलीत चार फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "मास्तर, आज दोन्ही पाय एकाच माणसाचे वाटतायत." त्यानंतर बारा वर्षे दर वर्षी माझ्यावर त्यांचा एक बूट घडत गेला.

पुढे मोठी दुकाने आली आणि आमच्याकडे कुणी फिरकेना. तेव्हा मास्तरांच्या लेकीने डोके लढवले. ती म्हणाली, "बाबा, सगळ्यांना बूट विकणारे ढिगानं आहेत. आपण फक्त दोन पाय दोन मापांचे असणाऱ्यांसाठी करू. आपल्या गल्लीत काका एकटेच, पण इंटरनेटवर असे किती काका असतील!"

कल्पना झकास होती, हे मी आजही नाकारणार नाही. तिने मला स्वच्छ पुसून खिडकीच्या उजेडात ठेवले आणि माझा फोटो काढून इंटरनेटवरच्या आमच्या पेजवर टाकला. त्याखाली लिहिले, 'तुमच्याच पायाच्या फर्म्यावर, हाताने घडवलेले.' ऑर्डरच्या फॉर्मची पहिली ओळ होती, 'माप संध्याकाळी, उभे राहून घ्या.' ऑर्डरी येऊ लागल्या. दूरच्या एका शिक्षिकेने लिहिले, "पलंगाखालचे उरलेले बूट आज टाकून दिले." मास्तरांनी ते दोनदा वाचले आणि चष्मा पुसत बसले. मीही तेव्हा अभिमानाने फुगलो होतो.

पण मास्तरांच्या हातून महिन्याला पंधरा जोडच होत. रांग तीन महिन्यांवर गेली. लेकीने कसलासा ऑनलाइन कोर्स केला आणि तिथून ती एक वाक्य घेऊन आली, थांबलेले गिऱ्हाईक म्हणजे गेलेले गिऱ्हाईक. मग कारखान्यातून तयार बूट येऊ लागले. एका खोक्यातला डावा, दुसऱ्या खोक्यातला उजवा, एकत्र बांधले की झाली ऑर्डर. फॉर्ममधली पहिली ओळही तिने उडवली. "एवढं कोण वाचत बसतंय? एक अट कमी, चार ऑर्डरी जास्त."

"अगं, नंबर म्हणजे नुसती लांबी. पायाला उंची नसते का?" मास्तर म्हणाले.

"बाबा, तुम्ही दमलात. आता आराम करा."

आणि मास्तर गप्प बसले! मला लेकीचा राग येतो, तेवढाच मास्तरांच्या त्या गप्प बसण्याचाही येतो. पार्सलच्या खोलीचे दार वाऱ्याने आपटायचे, म्हणून मला दाराला अडसर म्हणून जमिनीवर ठेवले. येणारे-जाणारे मला लाथाडत. पेजवर मात्र मी अजून खिडकीच्या उजेडात होतो आणि माझ्याखाली तेच शब्द होते. वर्षभर मला चामडे शिवले नव्हते. खोटे ती बोलत होती, पण चेहरा माझा होता.

अशात काका आले. त्यांचे बूट झिजले होते. मास्तर उठायच्या आत लेक प्रेमाने म्हणाली, "काका, तुम्ही आमचं पहिलं गिऱ्हाईक. तुम्हाला जोड माझ्याकडून भेट. फक्त फोनवर माप भरा."

काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या, पलंगाच्या कडेवर बसून माप भरले. बारा वर्षे संध्याकाळी येणारा माणूस! पण फॉर्मने विचारले नाही, तेव्हा त्यांना वाटले, नव्या पद्धतीत त्याची गरज नसेल.

तीन आठवड्यांनी ते काठी टेकत आले. डाव्या पायाला घोट्यापर्यंत पट्टी होती. बुटाने अंगठा दिवसचे दिवस घासला होता आणि काकांना काहीच कळले नव्हते. मोजा ओला लागला तेव्हा त्यांनी पाहिले, तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी अंगठा काढून टाकला.

"पोरी, तू मनाला लावून घेऊ नकोस," काका म्हणाले. "माझाच पाय मेला नाठाळ."

मित्रांनो, ते माफी मागत होते! मला तोंड असते तर मी त्या खोलीत किंचाळलो असतो.

लेक मटकन खाली बसली आणि रडू लागली. मला तिची दया आली नाही. मास्तरांनी वाकून मला दाराजवळून उचलले, सदऱ्याने पुसले आणि म्हणाले, "जखम भरली की या. संध्याकाळी."

दोन महिन्यांनी काका आले. मास्तरांनी त्यांना उभे केले, कागदावर पाय आखला आणि मला टेबलावर धरून करवत हातात घेतली. लेकीने पुढे होऊन मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. माझा अंगठा कापताना भुसा तिच्या बोटांवर पडत होता. काका खिडकीबाहेर बघत होते.

आता कारखान्याचे बूट बंद आहेत. पंधरा जोड होतात, रांग लांबलचक आहे आणि संध्याकाळची ओळ परत पहिल्या जागी आली आहे. पण ज्यांना कारखान्याचे ते बूट पोचले, त्या सगळ्यांना लेकीने हा धोका अजून कळवलेला नाही. उद्या कळवते, असे ती रोज म्हणते.

मित्रांनो, तुम्ही उद्या कुणासाठी काही बनवाल, विकाल. गिऱ्हाइके थोडी असोत की फार, प्रत्येकाच्या मापाशी इमान राखा. आणि आमच्या लेकीला माझा एक निरोप द्या. आधी त्या लोकांना कळव म्हणावे, आजच. मग पेजवरचा माझा तो फोटो काढून टाक. त्यात मला अजून अंगठा आहे.