चहाच्या वाफेवरचा पाहुणा

मित्रांनो, आज माझ्या चाकाचा रंग उडाला आहे आणि अंगावर चहाचे डाग आहेत. पण ज्या वर्षाची गोष्ट मी सांगणार आहे, त्या वर्षी मी नवा कोरा होतो. तीच माझी अडचण होती.

मी वाफेचा व्हॉल्व्ह आहे. तुमच्या घरच्या नळाचा थोरला भाऊ समजा. माझ्या पोटात एक तबकडी, तिला उभा दांडा आणि दांड्याच्या डोक्यावर गोल चाक. चाक फिरवले की वाफेची वाट उघडते, उलट फिरवले की बंद होते.

माझा जन्म गुजरातेतल्या एका लहानशा ओतशाळेत झाला. तिथे मला साच्यात ओतले, घासूनपुसून गुळगुळीत केले, पाण्याच्या दाबाखाली तपासले आणि सोबत प्रमाणपत्र दिले. फक्त ओतताना पोटावरच्या कंपनीच्या नावातली मधली अक्षरे दबली.

मारेगावजवळ सरकीचे तेल काढणारी एक मिल आहे. सरकी शिजवायला वाफ लागते. त्या वाफेच्या पाइपांवरचे जुने व्हॉल्व्ह हंगामाआधी बदलायचे होते. खरेदीचे काम पाहणाऱ्या विजयमाला मॅडमना आमच्या ओतशाळेचा दर नेहमीच्या नामांकित कंपनीपेक्षा बराच कमी दिसला. पण त्या घाई करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी आधी नमुना म्हणून एकट्या मला बोलावले.

फोरमन बबनरावांनी मला हातात घेऊन उलटेपालटे केले.

"मॅडम, हे कंपनी कोणती म्हणाची? नाव वाचाले गेलं त दात दुखते."

"नाव राहू द्या बबनराव, प्रमाणपत्र वाचा."

"कागद त लग्नपत्रिकेचाबी चकचकीतच रायते. नवरदेव कसा हाय, ते मंग समजते."

शेवटी मिलच्या शेठनी निकाल दिला. दसऱ्यापर्यंत मी गळलो नाही, तर मिलभर माझे भाऊ बसतील. गळलो, तर मी भंगारात, माल नेहमीच्याच कंपनीचा, आणि विजयमाला मॅडमनी पुन्हा नव्या मालाचे नाव काढायचे नाही.

मला बसवायचे कुठे? बॉयलर सांभाळणारे धावजी म्हणाले, "माह्या बॉयलरवर नको, बबनभाऊ. मले घरी लेकरंबाळं हायेत." म्हणून माझी रवानगी कँटीनमध्ये झाली. तिथे नंदाबाई वाफेवर मोठ्या पातेल्यात चहा उकळत. बबनराव म्हणाले, "फसला त चहाच फसन, मिल नाई."

हा त्यांचा हिशेब चुकीचा होता. तेलाचे यंत्र बंद पडले तर लोक बिडी ओढत बसत. चहाला उशीर झाला, तर अख्खी मिल दारात उभी राही.

नंदाबाईंनी माझे नाव 'पाहुणा' ठेवले आणि माझी परीक्षा सुरू झाली. बाजारात वांगे दाबून पाहतात, तसे चहाला येणारा प्रत्येक जण माझे चाक फिरवून पाहू लागला. कोणी उघडी, कोणी बंद करी, कोणी पुन्हा उघडून "जड फिरते" म्हणे, तर त्याच्या मागचा "हलका हाय" म्हणे. बबनराव पान्याने टकटक करून कान लावत. धावजी तेवढे दुरून पाहत आणि आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत "आचो छ" म्हणत. म्हणजे चांगला आहे. पण जवळ येत नसत.

मी सगळे सहन केले. मनात म्हणे, दसरा आता फार लांब नाही.

पण एका सकाळी माझ्या दांड्याच्या मुळाशी वाफेची बारीक रेघ निघाली. फुस्स!

"पाहा मॅडम!" बबनरावांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. "पाहुण्याचा दम निंगाला!" त्यांनी मला काढून सरळ भंगाराच्या टोपल्यात टाकले.

विजयमाला मॅडमनी टोपल्यात वाकून मला पाहिले. मग त्यांनी विचारले, "धावजीभाऊ, तुमच्या बॉयलरवरचा व्हॉल्व्ह दिवसातून किती वेळा फिरवता?"

"सकाळी खोलतो, संध्याकाळी बंद करतो. उगाच कायले फिरवू?"

"मग बबनराव, तुमच्या त्या नेहमीच्या कंपनीचा नवा व्हॉल्व्ह स्टोअरमधून आणा आणि इथेच लावा. सगळ्यांनी त्यालाही तसेच फिरवायचे."

प्लास्टिकमधून तो साहेब निघाला. अंगावर नाव ठळक, चाक लालभडक. टोपल्यातून मी सगळे पाहत होतो. गंमत अशी, की बबनराव त्याच्याजवळ स्टूल टाकून पहाऱ्यालाच बसले. "हात नका लावू! महागाचा माल हाय!"

"भाऊ, मले वाफ कमी करा लागते ना!" नंदाबाई ओरडल्या.

"राहू दे चालू."

वाफ चालू राहिली. चहा उतू गेला, उरला तो आटला, आणि मिलभर काढा वाटला गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी धावजींनी आपला कप बबनरावांपुढे ठेवला. "घ्या, तुमीच प्या. मले खोकला नाई झाला." मागे सगळी मिल उभी होती. बबनराव स्टूल उचलून निमूट बाजूला झाले.

मग त्या साहेबालाही आलागेला फिरवू लागला. दसरा तोंडावर आला असताना, भर चहाच्या वेळी, सर्वांसमक्ष आवाज आला. फुस्स!

बबनराव जरासुद्धा डगमगले नाहीत. खिशातून पाना काढला, दांड्याच्या मुळाशी असलेला नट हलकेच आवळला आणि वाफ थांबली. "यात काई नाई," ते म्हणाले. "दांड्याभोवती वाफ अडवाची दोरी रायते, ते फिरवून फिरवून दबते. थोडकसं आवळलं का झालं."

नंदाबाई गाळणी हातात धरून म्हणाल्या, "मंग भाऊ, पाहुण्याले हेच औषध काहून नाई देलं?"

विजयमाला मॅडमनी भंगाराचे टोपले पायाने पुढे सरकवले. बबनरावांनी मला उचलले, शर्टाच्या बाहीने पुसले, जागेवर बसवले आणि नट आवळला. दसऱ्याला मी कोरडा ठणठणीत होतो.

शेठनीही ती एक गळती धरली नाही आणि माझे भाऊ आले. मॅडमनी त्यांनाही सोडले नाही. एकेकाला पाण्याच्या दाबाखाली तपासले, एकाला परतही पाठवले. मला बॉयलरवर बढती मिळणार होती, पण नंदाबाईंनी मला सोडले नाही.

मित्रांनो, नव्याला जरूर तपासा. वाफ कोणाला माफ करत नाही. पण ओळखीच्याला जो पाना लावता, तोच अनोळख्यालाही लावा. आणि माझ्यासारख्यांचा नट अधूनमधून आवळत जा.

इतकी वर्षे झाली, तरी माझे नाव पाहुणाच आहे. बबनराव आता निवृत्त झालेत, पण चहाला येतात. कप हातात घेण्याआधी माझे चाक थोडे फिरवतात.

"आताबी तपासता काय भाऊ?" नंदाबाई विचारतात.

"नाई व," ते म्हणतात, "रामराम करून राह्यलो."