लिव्हरच्या स्क्रूवरचा लाल ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी ट्रायल मोटरसायकल आहे, आणि माझ्यावर बसायला सीटच नाही. हसू नका. आमच्या खेळात कोणी बसतच नाही. स्वार उभ्यानेच मला कड्यांवर आणि ओढ्यातल्या शिळांवर चढवतो. वेगाला इथे कोणी विचारत नाही. पाय जमिनीला टेकला की दंडाचा एक गुण, पडलात की पाच. सारी मदार क्लचच्या लिव्हरवर ठेवलेल्या एका बोटावर असते.

माझा जन्म बार्सिलोनाजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी बेर्गा शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावी आले. केराल्त माझी स्वार. तिचा थोरला भाऊ ओलेगेर तिचा पिशवीवाला. म्हणजे हत्यारं, पाणी आणि टोमॅटो चोळलेला पाव पाठीवर घेऊन डोंगरभर तिच्याबरोबर चालायचं, आणि ती कड्यावर चढताना खाली हात वर करून उभं राहायचं. मी उलटले तर मला धरायचं. सत्तर किलोची मी, पण त्याने मला कधी खाली पडू दिलं नाही.

गावात त्याचं गॅरेज होतं. आसपासचे सगळे स्वार क्लच लावून घ्यायला त्याच्याकडेच येत. ओलेगेरच्या हाताला कान आहेत, असं लोक म्हणत. थंडीत माझ्या क्लचप्लेटा तेलाने एकमेकींना चिकटून बसतात. तो मला गिअरमध्ये टाकायचा, क्लच दाबून पुढेमागे झुलवायचा आणि त्या सुटल्या की मगच किक मारायचा. मग लिव्हरचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे. केराल्तच्या बोटाला हवी तीच जागा सापडली की स्क्रूवर आणि लिव्हरवर तो नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका लावायचा, समोरासमोर.

"माझी बाटली संपवलीस," ती कुरकुरायची.

"तुला नखं आहेत कुठे? सगळी खडकाला वाहिलीस."

फार सुखाचे दिवस होते ते.

मग ती फेब्रुवारीतली स्पर्धा आली. आदल्या दिवशी सरावात केराल्तचं क्लच दाबायचं बोट शिळेखाली चेंगरलं होतं. सकाळी ते टम्म सुजलं, सरळ होईना. दादाला सांगितलं तर तो स्पर्धेत उतरू देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने हातमोजा चढवला. ओलेगेरने नेहमीसारखा माझा क्लच तपासला आणि तो नाव नोंदवायला गेला. तेवढ्यात तिने पाना घेतला आणि स्क्रू दीड फेरा आत फिरवला. लिव्हर मुठीजवळ आला, बोट पोचलं. पण लिव्हर जवळ आला की त्याची धाव तोकडी होते. तो बाकीच्या बोटांवर आधीच टेकतो आणि क्लच पुरता सुटत नाही, इंजिन चाकाला ढकलतच राहतं. हे केराल्तला ठाऊक नव्हतं असं नाही.

"एवढ्याने काय होतंय," ती पुटपुटली. मी ऐकलं. मला तोंड नाही.

चौथ्या टप्प्यावर पुरुषभर उंचीचा कडा होता. ओलेगेर खाली उभा राहिला.

"ये गं. मी आहे."

वर पोचताच तिने क्लच दाबला. मी तिथेच थांबायला हवं होतं. क्लच सुटला नाही, मी रेटतच राहिले, पुढचं चाक आभाळाकडे गेलं आणि मी उलटी खाली आले. केराल्त बाजूला फेकली गेली, तिला जरा खरचटलं. ओलेगेरने मला धरलं. त्याचा पाय निसटला आणि मी त्याच्या कमरेवर पडले.

दवाखान्यात तो म्हणाला म्हणे, "थंडी होती. प्लेटा नीट सुटल्या नसतील. माझंच चुकलं." केराल्त उशाशी बसली होती. ती काही बोलली नाही. गावाने तेच खरं धरलं. ओलेगेरच्या हातातलं कसब गेलं, असं लोक बोलू लागले. गिऱ्हाईक आटलं आणि पुढे त्याने स्वतःच पाना हातात घेणं सोडलं. मला ताडपत्रीखाली ढकललं. सात वर्षं मी तिथे गंजत होते.

गेल्या महिन्यात तो कुबडी टेकत गॅरेज रिकामं करायला आला. मदतीला केराल्त होती. त्याने ताडपत्री ओढली आणि सवयीने लिव्हरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"केरा, स्क्रूवरचा ठिपका उलट बाजूला आहे. किती फिरवलास?"

"दीड फेरा." ती म्हणाली. "बोट सुजलं होतं, दादा."

"कमरेचं जाऊ दे. पडणं या खेळात आलंच. पण सात वर्षं मी माझ्या हाताला शिव्या देतोय गं. साध्या सायकलला हात लावायला धजलो नाही."

"सांगणार होते. रोज सांगणार होते."

"रोज," तो म्हणाला.

त्याने स्क्रू दीड फेरा मागे घेतला. ठिपके समोरासमोर आले. मग एका बोटाने लिव्हर दाबला. माझ्या क्लचचं तेल कधीच गळून गेलं होतं, लिव्हर नुसताच आत गेला. त्याने पाना माझ्या टाकीवर ठेवला आणि तिच्याकडे न बघता तो निघून गेला. आता केराल्त एकटीच येते, माझा गंज पुसते.

मित्रांनो, यंत्राची निगा राखा, असं मी सांगावं ही तुमची अपेक्षा असेल. राखाच. पण दुसऱ्याने जीव लावून बसवलेला स्क्रू गुपचूप फिरवलात, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. माझ्यात नवं तेल घातलं की माझा क्लच पुन्हा चालेल. ओलेगेरच्या हातात काय घालायचं, ते केराल्तला अजून सापडलेलं नाही.