चांद दिसायच्या आत

जैबूनबींनी स्टुलावर चढून खजुराची बरणी फळीच्या मधोमध ठेवली, मान मागं घेऊन पाहिलं आणि दोन बोटं उजवीकडं सरकवली.

"अम्मी, मघाशी ती तिथंच होती," खालून नीलोफर म्हणाली. सुनेच्या हातात चण्यांची बरणी होती आणि चेहऱ्यावर उपाशी माणसाचा शांतपणा. गेल्या रमजानला बाळंतपणात राहिलेले रोजे तिनं वर्षभर आज धरू, उद्या धरू करत लांबवले होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरानं पुस्तक शोधावं, तसा त्यातला शेवटचा रोजा रमजानआधीचा शाबान महिना सरता सरता आज उरकला जात होता.

"मघाशी दारातनं येणाऱ्याला दिसत नव्हती," जैबूनबी म्हणाल्या. "आता पैली तीच दिसंल."

आज संध्याकाळी चांद दिसला तर उद्या पहिला रोजा. नाही दिसला तर परवा. पण तो आजच दिसणार, याबद्दल जैबूनबींची इतकी खात्री होती की इफ्तारीचे चणे त्यांनी भिजतसुद्धा घातले होते. चांदाचं काय ठरायचं ते ठरो, चणे फुगायला लागले होते.

नदीकडं उतरणारी भोरमधली ती अख्खी गल्लीच फुगली होती. मशिदीत पाइप लावून फरशी धुवायचं काम चाललं होतं, रंगवलेल्या कठड्याला हात लावू नका म्हणून कुणीतरी ओरडत होतं आणि तरी हात लागतच होते. भोंग्यावर "हॅलो, हॅलो" इतकंच सारखं ऐकू येत होतं. जैबूनबींची तयारी मात्र कधीच पुरी झाली होती. नमाजाला अंथरायचे जानमाज धुऊन उन्हं खाऊन आत आले होते. कुराणशरीफ गुंडाळून ठेवायला हिरव्या कापडाचं नवं जुजदान शिवलं होतं. यंदा अख्खं कुराण वाचून संपवायचं म्हणून चष्म्याचा नंबरही बदलून आणला होता. रमजानमध्ये कुणाच्या पाठीमागं वाईट बोलायचं नाही हा त्यांचा कडक नेम; म्हणून ते सगळं त्या शाबानमध्येच बोलून घेत.

फळी त्यांच्या लेकानं, तौसीफनं केली होती. सारोळ्याला हायवेवर त्याचं वेल्डिंगचं दुकान. त्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीला फरशा लावल्या, वर लोखंडी फळी ठोकली आणि आईला काचेच्या बरण्या आणून दिल्या. डाळी, शेवया, बेदाणे, सब्जा, सगळं काचेतून दिसायला लागलं. शेजारपाजारच्या बायका पाहून गेल्या. फक्त पलीकडच्या रतनबाई आल्या नाहीत.

त्याच तेवढ्या राहिल्या होत्या. रमजानचा चांद दिसायच्या आत, ज्याला जे बोललं असेल, ज्याचं जे चुकलं असेल, त्याची माफी मागून मोकळं व्हायचं, ही जैबूनबींच्या सासूनं घालून दिलेली रीत. सासू म्हणायची, मनात गाठ ठेवून रोजा धरला तर नुसतं पोट रिकामं होतं. आठवडाभर जैबूनबी घरोघर फिरत होत्या. "बोललं-चाललं माफ करा," असं त्या इतक्या दमदार आवाजात म्हणत की समोरच्याला वाटे, आपलंच काहीतरी चुकलं असावं. शिंपी तर घाबरून स्वतःच माफी मागून बसला होता.

वाईटाची बाजू अशी उतरवता उतरवता चांगल्याची बाजूही त्या मनात तपासून घेत. नीलोफरचे रोजे पुरे करवून घेतले, हे एक. नणंदेशी तुटलेलं बोलणं जोडलं, हे दुसरं. आणि रतनबाईंची पहाटेची उठाठेव सोडवली, हे तर सगळ्यांत वजनदार.

रतनबाई मूळच्या पासलीच्या. नवरा भोर डेपोत एसटी ड्रायव्हर, कायम पहिल्या गाडीवर. त्याच्या भाकरीसाठी कोंबड्याच्याही आधी उठायची सवय लागली. नवरा गेला, सवय राहिली. दोन्ही स्वयंपाकघरांची भिंत एकच, आता फळी लागलेली तीच. रमजानात रतनबाई सहरीच्या, पहाटेच्या जेवणाच्या वेळी त्या भिंतीवर वरवंटा ठोकायच्या, आणि इकडून जैबूनबींनी लाटण्यानं उत्तर दिल्याशिवाय थांबायच्या नाहीत. मिक्सर आल्यापासून त्या वरवंट्याला वर्षातून एक महिनाच काय ते काम उरलं होतं.

फळी लागली त्या दिवशी जैबूनबी परसदारी जाऊन सांगून आल्या होत्या, "आक्का, आता गुडघं घिऊन उटायला नको तुमाला. तौसीफनं मोबाईलमदी सहरीचा गजर लावलाय. झोपा निवांत."

रतनबाई म्हणाल्या होत्या, "बरं झालं." आणि तेव्हापासून बोलायच्या बंद झाल्या होत्या.

दुपार कलली तशी शेवयांच्या खिरीची वाटी पदराखाली धरून जैबूनबी परसदारी गेल्या. नदीवरून वारा सुटला होता. रतनबाईंचं परसदार एरवी अशा वाऱ्यात आपटत राहायचं. आज त्याला खाली काहीतरी दडपून पक्कं उघडं ठेवलं होतं. आत बुद्धाच्या तसबिरीखाली मांडी घालून रतनबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, वाटी पाहिली, आणि पुन्हा सुपात पाहिलं.

"आक्का, बोललं-चाललं माफ करा. आज चांद हाय."

"बोलणं कुटं झालंय आपलं?"

"तेच तर म्हणते. का न्हाई झालं?"

रतनबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

जैबूनबी तिथंच बसल्या. माणूस गप्प बसलं की त्याच्या मनात काय आहे ते आपणच आठवून द्यावं, अशी त्यांची समजूत.

"सांडग्यांचं मनात हाय व्हय? अवो, ती माकडं नव्हती. आमची शेळी सुटली व्हती."

सुपातला हात थांबला. "कंचं सांडगं?"

"गेल्या उन्हाळ्यातलं. पत्र्यावर वाळत घातल्यालं."

"आगं, म्या आठ दिस माकडांना शिव्या घातल्या!"

"मला ऐकू येत व्हत्या की. जीव लई तुटायचा. पण माकडांची माफी कुटं मागू?"

आतल्या खोलीत रतनबाईंची सून सारिका कपड्यांच्या घड्या घालत होती. तिथून खुदकन हसू आलं आणि दाबलं गेलं.

"बरं. माफ," रतनबाई म्हणाल्या.

पण चेहरा होता तसाच होता. म्हणजे सांडगे नव्हते. जैबूनबींनी पुढचं काढलं.

"मग नूतनच्या लग्नातल्या मटणाचं आसंल. मीठ लई झालंय, म्हणून मी नणंदंला बोलले. तिनं पार भाटघरापातूर पोचवलं."

नूतन म्हणजे रतनबाईंची लेक. रतनबाईंनी सूप खाली ठेवलं.

"मीठ लईच व्हतं," त्या म्हणाल्या. "आचारी दोनदा घालून बसला व्हता. माफ."

"मग परात?"

"कंची परात?"

जैबूनबींच्या लक्षात आलं की आपण थांबायला हवं होतं. पण जीभ तोवर पुढं गेली होती. "पितळी. काठाला पोचा आल्याली. माझ्याच घरात हाय. परवा भांडी काढली तवा घावली."

"बघा!" आतून सारिका घडी टाकून उठूनच आली. "बघा आत्याबाई! त्या परातीपायी मला दोन म्हयनं बोलत व्हता. म्हनं सूनबाईनं मोडीत घातली."

"तू घड्या घाल," रतनबाई म्हणाल्या, पण ओठांची एक कड हलली होती. "तीबी माफ. उद्या धाडून दे. झालं? का आजून काय हाय?"

"एवढंच. आता सगळं माफ केलं म्हणा."

रतनबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"ज्याची मागितलीस, त्याची दिली."

तांदळाची सळसळ तेवढी चालू राहिली. जैबूनबींनी खिरीची वाटी जमिनीवर ठेवली आणि त्या उठल्या. रतनबाईंना जे ठाऊक नव्हतं ते सगळं सांगून झालं होतं, आणि त्यांच्या मनात जे होतं ते मात्र हाती लागलं नव्हतं. सौदा साफ बुडाला होता. दारातून बाहेर पडताना पायाला ठेच लागली. दाराला दडपून ठेवलेला दगड होता. काळा, गुळगुळीत, दोन्ही टोकांना झिजलेला.

"सांबाळून," मागून रतनबाई म्हणाल्या. "त्यो आता हितंच असतो."

जैबूनबी अंगठा चोळत घरी आल्या.

मगरिबच्या अजानीआधीपासूनच गल्लीतली पोरं गच्च्यांवर चढली होती. पश्चिमेच्या डोंगरावर नारिंगी पट्टा होता आणि त्यावर ढगाची एक बारीक रेघ, नको तिथंच. अजान झाली. नीलोफरनं खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली, आणि मागचं सगळं फिटल्यासारखा एक लांब श्वास सोडला. तान्ही लेक तिच्या मांडीवर बसून खजुराच्या बीकडं टक लावून होती.

"दिसला!" पलीकडच्या गच्चीवरून आरडा झाला. "दिसला, दिसला! ढगाच्या खाली बघा!"

जैबूनबी नवा चष्मा सावरत परसात धावल्या. नखाच्या कडेएवढा चांद. होता न होता, पण होता. त्यांनी हात उचलून दुआ मागितली, डोळे पुसले, पुन्हा पाहिला. भोंग्याला अखेर "हॅलो"च्या पुढचा शब्द सापडला. फटाक्याची एक लड वाजली, कुत्री पळाली, तौसीफ "चांद मुबारक, चांद मुबारक" म्हणत ज्याला त्याला मिठ्या मारत घरात आला.

"आता गजर ऐका, अम्मी." त्यानं मोबाईल ओट्यावर ठेवून वाजवून दाखवला. खणखणीत आवाज. "आता घोरत पडा बिनधास्त. ह्यो उठवील."

"गेल्या वर्षीबी लावला होता तुम्ही," नीलोफर म्हणाली. "झोपेत बंद केला होता. आक्कांनी ठोकलं म्हणून सहरी मिळाली."

"तवा रेंज नव्हती."

"गजराला रेंज लागती व्हय?"

हसत हसत तिनं ओट्याखालचा खण पायानं लोटला. खण बसला तसा भिंतीला हादरा गेला आणि फळीवरच्या साऱ्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणल्या. खजुराची बरणी मधोमध होती. ती सगळ्यांत शेवटी थांबली.

जैबूनबी त्या बरणीकडं बघत राहिल्या. मग भिंतीकडं. मग त्यांनी वरवंट्यावर ठेचाळलेला आपला अंगठा पाहिला.

स्टूल ओढून त्या वर चढल्या.

"अम्मी, काय पाहिजे? मी देते."

"धर," जैबूनबी म्हणाल्या, आणि खजुराची बरणी तिच्या हातात दिली. मग बेदाण्यांची. मग सब्जाची. शेवया, मसूर, चणे. एकेक बरणी उतरून जमिनीवर रांगेत लागली.

"काय झालं फळीला?" तौसीफनं विचारलं. "नीट ठोकलीय मी. हत्ती बसला तरी हलायची न्हाई."

"हत्ती न्हाई बसायचा. उद्या सारोळ्याला जायच्या आधी समोरच्या भिंतीला ठोक."

"आवो, पण फरशा..."

"तौसीफ, आज चांदरात हाय. मला बोलायला लावू नको. उद्यापासनं मला बोलता यायचं न्हाई."

त्या परसात आल्या तेव्हा चांद डोंगरामागं उतरत होता. तारेच्या कुंपणापलीकडं रतनबाई रांजणातून तांब्या भरून घेत होत्या. मागं दार उघडं होतं, न आपटता.

"चांद बघितला का, आक्का?"

"बघितला. माझ्या डोळ्याला काय झालंय?"

"उद्या पैला रोजा."

"आसंल."

"मोबाईलचं काय खरं न्हाई."

रतनबाईंनी तांब्या कमरेवर घेतला. "तुझा ल्योक तर लई सांगत व्हता."

"ल्योकाला काय कळतंय? मोबाईल एकदा दाबला की गप पडतो. तुमी कुटं पडता गप? जबाब मिळंस्तवर ठोकता."

"माझं गुडघं दुकत्यात. तूच म्हनलीस."

"म्हणले. झोपून दुकायचं ते उटून दुकतील."

रतनबाईंनी तोंड फिरवलं. हसू आलं असेल तर ते नदीकडं गेलं. मग त्या म्हणाल्या, "तुझ्या भिताडाला फळी हाय म्हनं. काचंच्या बरण्या."

"व्हत्या," जैबूनबी म्हणाल्या.

मशिदीतून तरावीहच्या नमाजसाठी हाका यायला लागल्या होत्या. गल्लीतून टोप्या नीट करत माणसं चालली होती, त्यांच्या पायांत पोरं घुटमळत होती.

"जा," रतनबाई म्हणाल्या. "ग्यासवर काय ठिवलं आसंल ते करपंल." आणि तांब्या घेऊन आत गेल्या. माफ म्हणाल्या नाहीत. चुकूनसुद्धा नाही.

जैबूनबी घरात आल्या. गॅसवर काहीच नव्हतं. त्यांनी लाटणं धुतलं, पुसलं आणि रिकाम्या भिंतीपाशी उभं करून ठेवलं.

नदीवरचा वारा पुन्हा उठला. पलीकडं, परसाच्या बाजूला, काहीतरी आपटलं. थांबलं. पुन्हा आपटलं.

"हे काय वाजतंय?" तौसीफ म्हणाला.

"आक्कांचं दार," जैबूनबी म्हणाल्या, आणि नमाजसाठी पदर डोक्यावर घेतला.