घाबरट बोटाखालचा माऊस

मी एक जुना माऊस आहे. संगणकाचा. मित्रांनो, हसू नका. मला शेपूट आहे, गुळगुळीत पाठ आहे, दोन बटणं आहेत, आणि हिंमत म्हणाल तर ती माझ्या धन्यापेक्षा नक्कीच जास्त आहे. ही बढाई नाही. माझा धनी एकदा बघाल तर तुम्हीही हेच म्हणाल.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे आमच्यातल्या एकाला यंत्राखाली धरून त्याचं डावं बटण इतक्या वेळा आपटलं, की यंत्राचाच दांडा वाकला. बटण शाबूत राहिलं. अशा घराण्यातला मी. जहाजातून बैरूतच्या बंदरात उतरलो आणि एका दुकानात काचेमागे ऐटीत बसलो. मला वाटलं, आता कुणीतरी रांगडा गडी येईल आणि मला धबाधबा वापरेल.

आला कोण? वदीअ मास्तर. शाळेत भूगोल शिकवणारा, चाळिशी उलटलेला, चप्पल काढतानाही आवाज होऊ नये म्हणून जपणारा माणूस. दुकानदार म्हणाला, “मास्तर, खेळणाऱ्यांसाठी बनवलाय हा. खुशाल आपटा.” मास्तरांनी मला असं उचललं, जणू मी कोंबडीखालचं अंडं आहे. तेव्हाच मला कळलं, की माझं नशीब फुटलं.

तर मित्रांनो, हे मास्तर पोकर खेळत. बैरूतच्या फुर्न-अश-शुब्बाक भागातल्या आमच्या इमारतीत सगळेच खेळतात. लिफ्ट बंद पडून जमाना झाला. भरल्या पोटी पाच मजले चढून दुसऱ्याच्या घरी पत्ते कुटायला कोण जाणार? म्हणून रविवारी रात्री तब्बूलेची कोशिंबीर आणि कोंबडी हाणून झाली, की जो तो आपल्या घरी पडद्यासमोर बसतो. सगळ्यांचं टेबल एकच, ऑनलाइन. डाव सेंटांचा. जिंकणाऱ्याला फार तर पुढच्या रविवारची कोंबडी सुटते. शिव्या मात्र गॅलरीतून, समोरासमोर.

खेळ सोपा आहे. हातात दोन पत्ते, मग टेबलावर आधी तीन एकदम आणि नंतर एकेक असे उघडणारे पाच. पडद्यावर तीन बटणं: ‘टाका’, ‘तेवढंच लावा’, ‘वाढवा’. आमच्या मास्तरांना तिसऱ्या बटणाची अशी धास्ती, की माझा बाण तिकडे चुकून सरकला तरी ते मला ओढून मागे आणत. हातात राण्यांची जोडी आली तरी तेवढंच लावायचं. समोरच्यानं डोळे वटारले की पत्ते टाकून पळायचं. आणि वर स्वतःशीच पुटपुटायचं, “जपून खेळलेलं बरं.” अरे, काय जपतोस? सेंट? थू!

खाली तळमजल्यावर अबू नसीफचं दुकान. दुकान म्हणजे खुर्ची, अर्गिला नावाचा हुक्का आणि एक लोखंडी पेटी. सरकारी वीज आमच्याकडे पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यासारखीच जाते. बाकी सगळा वेळ अबू नसीफच्या जनरेटरवर. प्रत्येक घराची लाइन त्या पेटीतून निघते, प्रत्येकाचा एक खटका. पाच अँपिअरच्या वर कुणी काही लावलं की खटका पडतो. मग गॅलरीतून ओरडायचं, “अबू नसीफ, आमचा खटका वर कर रे!” तोही खालून ओरडणार, “गिझर लावलास वाटतं! पैसे पाचाचे आणि आंघोळ दहाची!” आणि मग सावकाश, एक झुरका मारून, खटका वर.

आता ऐका. या अबू नसीफचं जनरेटर बरोबर आमच्या खिडकीखाली होतं. मास्तरांची आई, नजलाबाई, त्या खोलीत झोपायची. झोपायची कसली, बसायची. उशीला टेकून, तोंडावर ओला टॉवेल धरून. खिडकी उघडली की धूर, मिटली की घुसमट. खोकून खोकून म्हातारीच्या बरगड्या दुखत. जनरेटर मागच्या मोकळ्या जागेत सरकवता आलं असतं, पण तिथे अबू नसीफची गाडी सावलीत उभी असे. मास्तर त्याला तीनदा भेटून आले. तिन्ही वेळा कॉफी पिऊन परत. कॉफीची तारीफ मात्र घरी येऊन केली.

शेवटी म्हातारीनं खिडकीतून स्वतःच तोंड उघडलं. “ए अबू नसीफ! तुझ्या गाडीला ऊन लागतं, आणि मला धूर लागत नाही होय रे?”

त्या दिवशी रविवार होता. सगळी इमारत गॅलरीत होती. अबू नसीफला आयतेच प्रेक्षक मिळाले. तो मिशी पिळत म्हणाला, “नजलाबाई, तुमच्या लेकाला सांगा, एका तरी रविवारी मला पोकरमध्ये हरवून दाखव. हरवलं तर जनरेटर मागे नेतो. या मिशीची शपथ! आणि तोवर खिडकीतून ओरडायचं नाही.”

सगळे खदाखदा हसले. वदीअ मास्तर आणि जिंकणार! मास्तरही हसले, बरं का. मला त्या क्षणी टेबलावरून उडी मारावीशी वाटली.

पुढचे कितीतरी रविवार तेच. बाकीचे एकेक करून बाहेर पडत, आणि शेवटी मास्तर आणि अबू नसीफ असे दोघंच उरत. मास्तर टिकून राहत, कारण जो काहीच करत नाही तो लवकर मरतही नाही. मग एखादा बरा डाव यायचा, मास्तर तेवढंच लावून विचार करत बसायचे, आणि फट्! दिवा बंद. पडदा बंद. माझ्या पोटातला लाल दिवाही बंद. मास्तरांच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. अंधारात ते बसून राहत, तिकडे त्यांची वेळ संपे आणि पत्ते आपोआप टाकले जात.

“अबू नसीफ, खटका पडला!”

“गिझर, मास्तर, गिझर!”

आमचा गिझर तर तुटून पडलेला होता. इमारतीत सगळ्यांना कळत होतं. बोलणार कोण? जनरेटरवाल्याशी भांडून अंधारात कोण बसेल? आणि आमचे मास्तर तर म्हणत, “असेल काहीतरी बिघाड.” बिघाड! बिघाड पाठीच्या कण्यात होता, मास्तर.

एकदा मात्र गंमत झाली. मास्तरांकडे टेबलावर इतकं थोडं उरलं होतं, की तेवढंच लावता लावता सगळंच लागलं. तेवढ्यात खटका पडला. वीज आली तेव्हा बघतात तर काय, तो डाव ते जिंकलेले! मास्तरांनी देवाचे आभार मानले आणि विसरून गेले. म्हातारी विसरली नाही.

पुढच्या रविवारी ती खुर्ची ओढत खिडकीशी आली. खाली बघत म्हणाली, “वदीअ, मला एक सांग. सगळं लावून झाल्यावर वीज गेली, तर तुला हाकलत नाहीत ना?”

“नाही आई. मग काही करायचंच उरत नाही. पत्ते आपोआप उघडतात.”

“मग गाढवा, उरवतोस कशाला?”

मास्तर माझ्यावरचा हात काढून तिच्याकडे बघत राहिले.

“असं बघतोस काय? तुझ्या बापाशी मी चाळीस वर्षं पत्ते खेळले. तो चांगल्या पत्त्यांची वाट बघायचा. मी त्याच्या भीतीची बघायची. तू वाढवलंस तर एक तर तुझे पत्ते जिंकतील, नाहीतर समोरचा पळेल. दोन वाटा. नुसतं तेवढंच लावणाऱ्याला एकच वाट, आणि तिच्यावर हा मेला पेटी घेऊन बसलाय.” एवढं बोलून तिला जो खोकला लागला, तो थांबेचना. मास्तरांनी पाणी दिलं. ती ग्लास बाजूला सारून म्हणाली, “पाणी नको. वाढव.”

आणि मित्रांनो, त्या दिवशी, मी घरात आल्यापासून पहिल्यांदा, तो बाण तिसऱ्या बटणावर गेला. बोट एकदा माघारी आलं. पण दाबलं! हातात होती काय, तर सत्ती आणि तिर्री. अबू नसीफनं पत्ते टाकले. पुन्हा दाबलं. त्यानं पुन्हा टाकले. खालून आवाज आला, “काय मास्तर, आज मटण खाल्लं वाटतं?”

बघता बघता बाकीचे बाहेर पडले, दोघंच उरले, आणि दोघांची रास सारखी झाली. मग मास्तरांच्या हातात बदामचा एक्का आणि इस्पिकची नव्वी आली. अबू नसीफनं वाढवलं. घड्याळ धावायला लागलं. आणि आमचे मास्तर? परत विचारात! मी चरफडत होतो. डोक्याला हात लावायचा, तर मला हातही नाही.

“आई, तेवढंच लावून तीन पत्ते बघू का?”

“उठला,” म्हातारी खिडकीतून म्हणाली. “पेटीकडे निघालाय.”

“पण एक्क्याबरोबर नव्वीच आहे गं...”

“झाकण उघडलं. वदीअ, मला रात्री झोप हवीय रे. बास, एवढंच हवंय.”

मास्तरांनी ‘वाढवा’वरून बाण पार टोकाला ओढला, जिथे ‘सगळं’ लिहिलेलं असतं. आणि दाबलं. असं दाबलं, की माझी पाठ टेबलाला टेकली. अहाहा!

फट्. अंधार.

माझा दिवा गेला. पडदा गेला. मास्तर श्वास रोखून बसले. त्यांच्या तळव्याचा घाम माझ्या पाठीवर. पोहोचलं का? की आधीच वीज गेली?

म्हातारी खिडकीतून बघत होती; खाली दुकानातला बल्ब चालूच होता. “खुर्चीत बसला. फोन घेतला.” मग म्हणाली, “हसतोय.”

मास्तरांनी डोळे मिटले.

“अजून हसतोय. बोटानं काहीतरी दाबलं.” खाली जनरेटर धडधडत होतं. “अर्गिल्याची नळी तोंडात धरलीय. वदीअ, आता हसत नाहीये.”

आणि खालून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी आरोळी आली, “आग लागो तुझ्या एक्क्याला!”

झालं होतं असं. अबू नसीफ पेटीपाशी असताना मास्तरांचं ‘सगळं’ पोहोचलं, ते त्यानं बघितलंच नाही; फोनवर त्याला दिसलं ते एवढंच, की मास्तरांची लाइन तुटली. त्याची नेहमीची समजूत, वीज गेली म्हणजे मास्तर गेले. हातात राजा आणि चौकी, तरी पठ्ठ्यानं बेफिकीर सगळं लावलं. टेबलावर पाच पत्ते उघडले, कुणाचंच काही जुळलं नाही, आणि नुसत्या एक्क्यानं राजा मारला. गॅलरीगॅलरीतून लोक ओरडायला लागले, “मिशी! मिशी!” म्हातारी इतकी हसली, की खोकायचं विसरली.

मिशी वाचवायला अबू नसीफनं दुसऱ्याच दिवशी चार माणसं लावून जनरेटर मागे ढकललं. गाडी उन्हात आली. त्या दुपारी नजलाबाई खिडकी सताड उघडी टाकून, आडवी होऊन, तोंड उघडं टाकून घोरली. मास्तर दाराशी उभं राहून बराच वेळ ते घोरणं ऐकत होते. तेवढ्यापुरता मला तो माणूस आवडला.

तेवढ्यापुरताच. कारण पुढे त्यांनी काय केलं ठाऊक आहे? मला पुसलं, शेपूट गुंडाळली, आणि लग्नातल्या कॉफीच्या कपांशेजारी काचेच्या कपाटात ठेवलं. “भाग्याचा माऊस आहे, जपायला हवा.” स्वतःसाठी नवा आणला. आणि पहिल्याच रविवारी त्या नव्यावर काय दाबलं? ‘तेवढंच लावा’! माझ्यासमोर! काचेतून बघत राहिलो मी. भाग्य म्हणे. भाग्य नव्हतं ते, बोट होतं, तुझंच बोट!

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे सांगतील. धूळ पुसा, हे ठीक. पण आम्हाला घाबरत घाबरत वापरू नका. आम्ही झिजायलाच बनलोय. कपाटात चकाकत बसायला कॉफीचे कप आहेत.

परवाच्या रविवारी कपाट उघडलं. सुरकुतलेला हात आत आला आणि त्यानं मला शेपटीला धरून बाहेर ओढलं.

“सरक,” नजलाबाई लेकाला म्हणाली. नव्याची शेपूट उपटून माझी खुपसली, छाती भरून श्वास घेतला आणि खुर्चीत बसली. “अबू नसीफ आहे का रे टेबलावर?”

“आहे आई. पण तुझे पत्ते तर बघ आधी.”

“बघू नंतर,” ती म्हणाली, आणि बाण ‘वाढवा’वर नेऊन तिनं माझं डावं बटण असं दाबलं, की ते कचकन वाजलं. मोडलं तर मोडू दे.